भिंतीवरून उतरलेले अध्यक्ष

निवृत्त सुभेदार हणमंत जगदाळे आरशासमोर उभे राहून हसून बघत होते. मिशी आड येत होती. झुपकेदार, दोन्ही टोकं वर वळलेली ती मिशी नोकरीत असताना नव्या जवानांना सरळ करायला पुरेशी होती. तिच्याखालचं हसू मात्र बाहेर पडायला कधी शिकलंच नव्हतं.

"अहो, दाढ दुखतेय का?" विनीताबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"हसतोय मी."

"कशावर?"

"कशावर न्हाई. सराव चाललाय. चिनहटला आज पोरांच्यात बसायचंय. त्या मेहरोत्रा मॅडम बघायला यायच्यात."

विनीताबाई हात पुसत पुढे आल्या. "हसायचं म्हणजे असं," म्हणाल्या आणि हसून दाखवलं. त्यांचं हसणं साऱ्या कॉलनीला ठाऊक होतं. आलमबागचा सब्जीवाला भैया त्या हसण्यावर कोथिंबीर फुकट द्यायचा. हणमंतरावांना मात्र त्या हसण्याचा अनुभव वेगळा होता. जेवताना त्यांनी दुधी ताटाच्या कडेला सारला की विनीताबाई एक शब्द बोलत नसत. नुसतं हसत आणि आणखी एक डाव वाढत.

"आणि पोरांशी बोलायचं काय?"

"नाव विचारा. काय खाल्लं विचारा. लहान मुलं ती, तुमची तपासणी थोडीच करणार आहेत."

पण हणमंतरावांना तेच वाटत होतं. सीमेवर त्यांनी बरंच काही बघितलं होतं, पण लहान मूल समोर आलं की ते घड्याळ बघायला लागत. स्वतःचा अमोघ लहानाचा मोठा झाला तो फोनवर. सुट्टीवर घरी आलं की पोरगं आईच्या पदराआड लपायचं आणि ओळख होईतो सुट्टी संपायची. ती सल मनात होती म्हणूनच बालवाडीच्या ट्रस्टचं अध्यक्षपद समोर आलं तेव्हा त्यांनी हो म्हटलं होतं.

चिनहटच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी लखनौमधल्या काही मराठी मंडळींनी ही बालवाडी काढली होती. सचिव चित्राताई बँकेत, उपाध्यक्ष चंद्रकांत पाठक सरकारी कंपनीत. सगळे नोकरदार, त्यामुळे ट्रस्टच्या बैठका रविवारी होत आणि रविवारी बालवाडी बंद असे. अशा रीतीने हणमंतराव कित्येक वर्षं बालवाडीचे अध्यक्ष होते आणि त्यांनी तिथं एकही मूल पाहिलेलं नव्हतं.

आता पिठाच्या गिरणीमागच्या त्या दोन खोल्या मालकाला परत हव्या होत्या. महिनाअखेर सोडायच्या होत्या. जवळच अंगण असलेलं एक रिकामं घर कारखानदारांच्या संस्थेकडे होतं. ते द्यायचं की नाही हे मेहरोत्रा मॅडम ठरवणार होत्या. त्यांची अट एकच. ट्रस्टची माणसं मुलांबरोबर बसून जेवताना त्यांना बघायची होती. मागच्या महिन्यात एका संस्थेच्या कोपऱ्यात छडी दिसली म्हणून मॅडम चहा न घेता निघून गेल्या होत्या. आज तसं झालं तर पुढच्या महिन्यात ही पोरं बसवायची कुठं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

हणमंतराव वेळेच्या आधीच पोचले. व्हरांड्यात एक चिमुरडी मग हातात घेऊन उभी होती. तिनं वर बघितलं. हातातला मग खाली पडला. ती पळाली नाही, रडली नाही. मागं मागं सरकत दारापर्यंत गेली आणि आत तोंड घालून हळूच म्हणाली, "आ गए."

आतला सगळा गलबला एकदम थांबला.

हणमंतराव आत आले. सतरंजीवर मुलं नाश्त्याचा दलिया खात बसली होती. सगळ्या माना खाली गेल्या आणि सगळे चमचे एकदम सुरू झाले. इतकी शिस्तीची मेस त्यांनी पलटणीतही पाहिली नव्हती. ते एका गोबऱ्या मुलापुढे वाकले आणि सकाळी केला तसा हसण्याचा प्रयत्न केला.

"नाम क्या है तुम्हारा?"

"खा लिया," मुलगा म्हणाला. त्यानं तोंड उघडून आतून दाखवलं. "देखो. सब खा लिया."

"मैंने भी खा लिया," शेजारची म्हणाली. ही मघाची मगवाली, बिट्टो. "फैजान ने नहीं खाया."

फैजान नावाचं एक बारकं पोरगं खेळण्यांच्या पेटीमागं सरपटत निघालं होतं.

तेवढ्यात चित्राताई आणि चंद्रकांतराव येऊन पोचले. चित्राताईंनी खोलीवर एक नजर टाकली आणि हणमंतरावांना दंडाला धरून बाहेर काढलं. "काय केलंत हो तुम्ही?"

"नाव विचारलं."

"रेहाना," चित्राताईंनी हाक मारली. "ये क्या चल रहा है?"

रेहाना दीदी बालवाडीची शिक्षिका. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती उभी राहिली आणि डोळ्यांनीच भिंतीकडे खूण केली. जेवायच्या जागेसमोर हणमंतरावांचा मोठा फोटो होता. वर्दीतला. मुलांना आपले अध्यक्ष कोण ते कळावं म्हणून त्यांनी स्वतःच भेट दिलेला.

"मॅडम जी, बच्चे लौकी नहीं खाते थे," रेहाना म्हणाली. "तो मैंने एक बार कह दिया, थाली में छोड़ोगे तो मूंछवाले दादा आ जाएँगे."

"एक बार?"

"शुरू में एक बार. फिर रोज़."

चित्राताईंनी कपाळाला हात लावला. या बालवाडीत अन्नाचा कण वाया जात नाही म्हणून ट्रस्टनं रेहानाचा सत्कार केला होता. शाल हणमंतरावांच्याच हातून दिली होती.

"सुभेदारसाहेब, तुम्ही असं करा, घरी जा," चंद्रकांतराव म्हणाले. "अध्यक्ष म्हणून मी बसतो. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." अध्यक्ष होण्याची ही इच्छा ते दर निवडणुकीलाही बोलून दाखवत.

"नावं कळवलीत मी आधीच," चित्राताई म्हणाल्या. "फोटोसकट."

"मग मिशी काढता येईल. कोपऱ्यावर नाई आहे."

हणमंतराव नुसते त्यांच्याकडे बघत राहिले. चंद्रकांतराव दोन पावलं मागे सरले. "नाहीतर मग भिंतीवरचा फोटो तरी काढू या. तो दिसला नाही की मुलं विसरतील. लहान मुलांचं काय हो."

हे सगळ्यांना पटलं. मुलं जेवणाआधी हात धुवायला मागच्या नळावर गेली तेव्हा चंद्रकांतरावांनी स्टुलावर चढून फोटो काढला. ठेवायला जागा सापडेना म्हणून सतरंजीच्या कडेखाली सरकवला. मुलं ओल्या हातांनी रांगेत परत आली. नेहमीच्या जागी भिंतीवर नुसता खिळा होता आणि खाली फिकट चौकोन. त्या चौकोनाच्या बरोबर खाली हणमंतराव उभे होते.

फैजाननं खिळ्याकडे बघितलं. मग हणमंतरावांकडे. मग पुन्हा खिळ्याकडे.

"उतर आए," तो म्हणाला.

आजवर मूंछवाले दादा येणार, येणार, एवढंच होतं. आज ते खरोखर भिंतीवरून उतरले होते. बिट्टोनं शेजारणीचा हात पकडला आणि शेजारणीनं पलीकडचीचा. बघता बघता सगळी रांग एकमेकांना धरून समोरच्या भिंतीला चिकटली.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"तोंड झाका," चित्राताई कुजबुजल्या. औषधांच्या डब्यात करोनाच्या वेळचे मास्क उरले होते, पण सगळे मुलांच्या मापाचे, त्यावर सशाचं तोंड छापलेलं. हणमंतरावांनी तो चढवला. सशाच्या दोन्ही गालांतून मिशीची टोकं बाहेर आली. भिंतीला चिकटलेली रांग आणखी चिकटली.

मेहरोत्रा मॅडम आत आल्या. पांढरे केस, सुती साडी, पायात सपाट चपला. त्यांनी सशाकडे क्षणभर बघितलं.

"अध्यक्ष जी? तबीयत ठीक नहीं?"

"जुकाम है," चित्राताईंनी घाईनं सांगितलं.

"जुकाम में बच्चों के बीच? तब तो आप बाहर ही बैठिए."

"जुकाम नहीं है," हणमंतराव म्हणाले आणि मास्क काढून खिशात घातला. चित्राताईंनी डोळे मिटून घेतले.

मॅडमनी खोलीभर नजर फिरवली. त्यांनी भिंत बघितली, खिळा बघितला, सगळे कोपरे बघितले. मग सतरंजीवर मांडी घालून बसल्या. पंगत मांडली गेली. चंद्रकांतराव सतरंजीच्या कडेला नेमके फोटोवर बसले, कारण दुसऱ्या कुणी बसून चालणार नव्हतं. हणमंतरावांच्या शेजारची जागा रिकामी राहिली. कुणीच येईना. शेवटी रांगेत सगळ्यात मागे राहिलेल्या फैजानला तीच जागा मिळाली. तो जागेवर बसला तो डोळे घट्ट मिटूनच.

खिचडी आली आणि तिच्याबरोबर लौकी. म्हणजे आपला दुधी. पाणीदार आणि हिरवट.

खोलीत फक्त चमच्यांचा आवाज होता. मॅडम एकेका मुलाचा चेहरा बघत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी पडत चालली होती. हणमंतरावांनी दुधीकडे बघितलं आणि सवयीप्रमाणे तो ताटाच्या कडेला सारला. मग त्यांना जाणवलं की शेजारचा एक डोळा उघडलाय आणि त्यांच्या ताटाकडे बघतोय. फैजानच्याही ताटात दुधीचा ढीग तसाच होता.

"आप भी नहीं खाते?" अगदी हळू आवाज आला.

"नहीं."

फैजाननं दुसरा डोळा उघडला. बराच विचार केला. "फिर आपको लेने कौन आता है?"

घड्याळ बघायला हणमंतरावांचा हात वर गेला, पण अर्ध्यातच थांबला. इतक्या वर्षांत त्यांना कुणी इतका बरोबर प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी खिशातून फोन काढला आणि मांडीशी धरून पडद्यावरचा फोटो दाखवला. हिरव्या साडीतल्या विनीताबाई.

"ये तो हँस रही हैं," फैजान म्हणाला.

"हँसती है, और फिर और लौकी डालती है."

"बोलती कुछ नहीं?"

"कुछ नहीं."

फैजानच्या अंगावर काटा आला. तो हणमंतरावांच्या जरा जवळ सरकला.

"बच्चो," मेहरोत्रा मॅडमनी चमचा खाली ठेवला. "इतने छोटे बच्चे इतने चुप नहीं रहते. सच बताओ. यहाँ तुम्हें कोई डराता है?"

चित्राताईंच्या हातातली पळी वाटीवर तशीच राहिली. रेहानाचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्या शांततेत चंद्रकांतरावांच्या खालून कट्ट असा आवाज आला. फोटोची काच गेली. त्यांनी चेहरा हलू दिला नाही.

फैजाननं हात वर केला. "हाँ. डराती हैं."

रेहाना भिंतीला टेकली.

"कौन, बेटा?"

"दादी."

"कौन दादी?"

फैजाननं हणमंतरावांच्या हातातला फोन ओढून घेतला आणि सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "इनकी. दादा लौकी नहीं खाते, तो दादी हँसती हैं. फिर और डाल देती हैं. दादा को बहुत डर लगता है."

मॅडमनी फोटो बघितला. मग हणमंतरावांच्या ताटाच्या कडेचा ढीग बघितला. मग त्या भल्यामोठ्या मिशीखालचा चेहरा बघितला. तो कानांपर्यंत लाल झाला होता.

"सच है, अध्यक्ष जी?"

"सच है," हणमंतराव म्हणाले. "शादी से अब तक."

मॅडमना हसू फुटलं. बिट्टो हसली आणि मग सगळी रांग हसायला लागली. मूंछवाले दादा लौकीला घाबरतात ही बातमी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. बिट्टो उठून आली आणि मिशी खरी आहे का ते ओढून बघितलं. खरी निघाली. मग बाकीच्यांनाही बघायचं होतं. हणमंतराव जागचे हलले नाहीत. दुखत होतं, पण त्यांना वाटलं, हे आणखी थोडा वेळ चाललं तर बरं.

"चाबी सोमवार को भिजवा दूँगी," निघताना मॅडम म्हणाल्या. "और आप लौकी खाया कीजिए."

गाडी गेल्यावर चंद्रकांतराव जपून, एका बाजूनं उठले.

पुढच्या बैठकीत ठराव झाला की बालवाडीत यापुढे कुणी कुणाला भीती घालायची नाही, आणि भिंतीवर फोटो लावायचा नाही. चंद्रकांतरावांनी अनुमोदन दिलं, अर्थात उभ्यानं. आठवडाभर मुलांनी लौकी टाकली आणि रेहाना रोज चित्राताईंना फोन करत राहिली. मग आपोआप ताटं पुन्हा स्वच्छ होऊ लागली. कशानं, ते कुणालाच कळेना. हणमंतराव आता रविवार सोडून इतर वारीही जात, मुलं त्यांच्या पाठीवर चढत, पण त्यांनाही माहीत नव्हतं.

नव्या घरात पहिली पंगत बसली त्या दिवशी विनीताबाई बेसनाचे लाडू घेऊन आल्या. हिरवी साडी नेसल्या होत्या. अंगणात मुलांचा इतका दंगा चालला होता की लिंबाच्या झाडावरचे पोपट उडून गेले होते. विनीताबाई दारात उभ्या राहिल्या आणि हसल्या.

अंगण गप्प झालं. सगळ्या माना खाली गेल्या. सगळे चमचे एकदम सुरू झाले.

"अहो, किती गुणी आहेत पोरं," विनीताबाई हरखून म्हणाल्या. "आणि तुम्ही उगीच घाबरत होतात. नुसतं हसलं की पुरतं." आणि त्या आणखी हसल्या.

फैजाननं हणमंतरावांचं ताट त्यांच्या पुढ्यात सरकवलं. कडेला दुधीचा ढीग होता.

"दादा," तो कुजबुजला, "जल्दी."

सुभेदार हणमंत जगदाळ्यांनी चमचा उचलला आणि दुधी खायला सुरुवात केली.