पिंकीचा होमवर्क आवक झाला

धर्मेंद्र तायडे मुलीची वही हातात घेऊन खुर्चीत ताठ बसला, तेव्हाच त्याच्या बायकोनं, साधनानं, ओळखलं, की आता सुटका नाही. पंचायत समितीत पाणीपुरवठ्याचं टेबल सतरा वर्षं सांभाळलेला हा माणूस असा ताठ बसला, की मसुदा लिहिल्याशिवाय उठत नाही. तालुक्याचं नाव मी सांगणार नाही. अमरावतीपासून फार लांब नाही, आणि संबंधित मंडळी अजून नोकरीत आहेत.

"पिंके, हे काय लिवलं वं?"

"होमवर्क. शाळेतली एक अडचण लिवाची होती."

पाचवीतल्या पिंकीनं लिहिलं होतं, की शाळेच्या हापशीला दिवाळीपासून पाणी येत नाही. घरून नेलेली बाटली दुपारपर्यंत संपते. मग सगळ्यांना तहान लागते आणि गणिताच्या तासाला डोकं दुखतं.

"याले अर्ज म्हणतेत काय? ना विषय, ना संदर्भ! असा कागद माह्या टेबलावर आला, तं मी दोन मिनिटांत निकाली काढतो."

"अवो, पाचवीचा होमवर्क हाये तो, हायकोर्टाचा नाई," साधना म्हणाली. "तिचं तिले लिवू द्या."

"मंग बाप कायले असते? आन इकडे कोरा कागद."

आता खरं सांगायचं तर कागद लिहावा धर्मेंद्रनंच. त्यानं विषय टाकला, संदर्भ टाकला, एक ते सात मुद्दे टाकले. 'सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही' हे उत्तर येऊ नये म्हणून तिसरा मुद्दा, 'निधी उपलब्ध नाही' हे येऊ नये म्हणून चौथा. अर्जदाराला वाटेला लावायची सगळी उत्तरं त्याला पाठ होती, सतरा वर्षं तीच तर देत आला होता. त्यामुळे एकूण एक पळवाट त्यानं बुजवून टाकली. शेवटी हाताच्या सवयीनं लिहून गेला, 'प्रत माहितीस्तव सविनय सादर : मा. गटविकास अधिकारी.' ती शाळेची हापशी आपल्याच टेबलाखाली येते, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. होमवर्कचा कागद वेगळा आणि हापशी वेगळी.

पिंकीनं ते सगळं मुकाट्यानं आपल्या अक्षरात उतरवलं. "बाबा, प्रत म्हणजे काय?"

"ज्याचं नाव लिवलं, त्याले एक झेरॉक्स द्या लागते," धर्मेंद्र मोबाइलमध्ये बघत म्हणाला.

पोरगी आज्ञाधारक. सकाळी तिनं झेरॉक्स काढली आणि शाळेच्या वाटेवरच्या पंचायत समितीत शिरली. आवकच्या टेबलावर नत्थुजी बसायचे. समोर आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, वाचत बसायचं नाही, हा त्यांचा नेम. एकदा त्यांनी लग्नपत्रिकासुद्धा आवक करून घेतली होती. त्यांनी शिक्का मारला, नंबर टाकला, पोच दिली. पिंकीनं ती कंपासपेटीत ठेवली.

चौथ्या दिवशी तो कागद फिरत फिरत धर्मेंद्रच्या टेबलावर आला. वर नव्या गटविकास अधिकारी मॅडमचा शेरा होता, 'तपासून तीन दिवसांत अर्जदारास कळवावे.' धर्मेंद्रनं अर्जदाराचं नाव वाचलं आणि कागद घाईघाईनं फायलीखाली सरकवला.

तेवढ्यात मॅडमनी आत बोलावलं. "तायडे, तो हापशीचा अर्ज जरा जपून हाताळा. फार मुद्देसूद आहे. मुलीच्या नावावर कुणीतरी वकील लिहितोय."

"हो मॅडम," धर्मेंद्र म्हणाला. तालुक्यात तायडे ढिगानं, त्यामुळे आडनावावरून मॅडमना संशय आला नव्हता. आतून त्याला गुदगुल्या झाल्या, हे कबूल केलं पाहिजे.

पण उत्तर काय देणार? दुरुस्तीची गाडी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, महिनाभर तरी इकडे फिरकायची नाही. 'निधी नाही' लिहायला गेला, तर चौथा मुद्दा आडवा आला. 'संबंधित नाही' लिहायला गेला, तर तिसरा. स्वतःवरच चिडत त्यानं तो अर्ज चारदा वाचला. सातही दारं आपणच आतून कडी लावून बंद केलेली! शेवटी एकच वाक्य उरलं, ज्याला आजवर कुणी आव्हान दिलं नव्हतं. 'प्रत्यक्ष पाहणी केली असता हापशी सुरू असल्याचे आढळून आले. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' खाली सही ठोकून तो चहाला गेला.

ते पत्र शाळेत पोचलं आणि वर्गशिक्षिका आरती मॅडमनी पिंकीच्या हातात दिलं. संध्याकाळी पिंकी ते घेऊन बापासमोर उभी राहिली.

"बाबा, यात लिवलं, पाहणी केली. कोन आलं होतं पाहाले? मी तं रोज शाळेतच असतो."

धर्मेंद्रनं पेपर उघडला.

"खाली सही तं तुमची हाये."

स्वयंपाकघरात साधनानं कुकरखालचा गॅस बंद केला. तिला शिट्टीच्या भानगडीत एकही शब्द गमवायचा नव्हता.

"ते कसं असते पिंके, ते ऑफिसची भाषा असते."

"म्हणजे खोटं?"

धर्मेंद्रनं पेपरचं पान उलटलं. पिंकी म्हणाली, "आरती मॅडम म्हणल्या, आता अपील करा लागते. लिवून द्या ना. तुमच्यासारखं कोनालेच लिवता येत नाई."

यात टोमणा असता, तर तो निभावून गेला असता. पण पोरगी मनापासून बोलत होती! आपला बाप तालुक्यात एक नंबर आहे, असं तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. आणि हे तिच्या तोंडावरून गेलं तर आपल्याकडे काय राहील, या विचारानं धर्मेंद्र घाबरला. अपील ढिसाळ लिहिता आलं असतं. त्यानं चांगलं लिहिलं. 'पाहणीचा दिनांक, वेळ, वाहनाचा क्रमांक व पंचनाम्याची प्रत मिळावी.' एवढं लिहून झाल्यावर तो घटाघटा दोन पेले पाणी प्याला.

"पोरगी लय पुढं जाईन," दुसऱ्या दिवशी शिक्का मारताना नत्थुजी म्हणाले.

मॅडमनी अपील वाचलं आणि धर्मेंद्रला उभं केलं. "तायडे, पाहणीला कुठल्या गाडीनं गेला होतात?"

धर्मेंद्रनं पंख्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. "गेलोच नाई मॅडम."

"उद्या हापशी सुरू पाहिजे. आणि सोमवारी तुमचा लेखी खुलासा."

गाडीची वाट न बघता धर्मेंद्रनं आपल्या मोटरसायकलवर मेकॅनिकला बसवून शाळेत नेलं. पाइप वर ओढले, आतला वॉशर पार झिजला होता. तो बदलला, दीड तासात काम संपलं. दिवाळीपासून दोनशे पोरं तहानलेली, ती या एवढ्याशा चकतीपायी! हापसायला पोरांची एकच झुंबड उडाली. पिंकी ओंजळीनं पोटभर पाणी प्याली, पण पाहणी झालीच नव्हती हे आता तिला कळून चुकलं होतं, बापाकडे तिनं पाहिलं नाही. धर्मेंद्रला ते फार लागलं.

रविवारी तो खुलासा लिहायला बसला. 'उपरोक्त विषयान्वये' इथून पुढे गाडी हलेना. 'कामाच्या व्यापामुळे' लिहिलं, फाडलं. 'अनवधानाने' लिहिलं, तेही फाडलं. अख्ख्या ऑफिसचे खुलासे लिहून देणारा माणूस, आणि टोपलीत बारा बोळे.

पिंकी येऊन शेजारी बसली. "तुमाले होमवर्क हाये का?"

"हो."

"काय विचारलं?"

"पाहाले न जाता गेलो म्हणून काहून लिवलं."

"मंग काहून लिवलं?"

धर्मेंद्रनं पेनचं टोपण लावलं, काढलं. "कंटाळा केला, माय. वाटलं, कोन विचारते."

"मंग तेच लिवा ना."

"असं नसते लिवत वं ऑफिसात!"

"मी सांगतो, तुमी लिवा." आणि ती बोटं मोडत सांगू लागली. मी हापशी पाहायला गेलो नाही. मी कंटाळा केला आणि खोटं लिहिलं. मुलांना त्रास झाला. आता मी स्वतः जाऊन हापशी दुरुस्त करून घेतली. पुन्हा असं करणार नाही.

"खाली 'सबब सदर प्रकरणी सहानुभूतीपूर्वक' असं काही टाकू का?" धर्मेंद्रनं भीत भीत विचारलं.

"काई गरज नाई. सही करा." सही झाल्यावर तिनं कागद उलटसुलट तपासला, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्याकडे पाहून हसली.

सोमवारी मॅडमनी खुलासा वाचला. मग चष्मा काढून पुन्हा वाचला.

"तायडे, हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

सतरा वर्षांच्या नोकरीत कधी नव्हे ते धर्मेंद्रनं उत्तराला एक क्षणही लावला नाही.

"नाई मॅडम. पोरीनं मदत केली."