आत कोणी राहिलं नाही ना?

मांडवगण फराट्यात कुणीही दार लावायला लागलं, की ॲडमिरलसाहेब हात वर करायचे. "थांबा. आत कोणी राहिलं नाही ना?" मग दारावर तीनदा टकटक, कान लावून ऐकणं, आणि मगच कडी घालायची परवानगी. सोसायटीचं गोदाम, पिठाची गिरणी, कशालाच सूट नव्हती. एकदा त्यांनी सरपंचांचं खुराडं अडवलं. सरपंच म्हणाले, "सायेब, आत कोंबड्याच हायेत."

"मोजल्या का?" साहेबांनी विचारलं.

ते माझे शेजारी. इथल्याच शेतकऱ्याचा मुलगा, भीमेत पोहायला शिकला, नौदलात गेला आणि ॲडमिरल होऊन एकटाच गावी परतला. तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी शाळामास्तर, म्हणून माझ्याशी दोन शब्द जास्त बोलायचे.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी आम्ही गोदामावरून चाललो होतो. रिकामं गोदाम, महिनाभर कुलूप. साहेबांनी सवयीनं लोखंडी दारावर तीनदा वाजवलं.

आतून तीनदा उत्तर आलं. सावकाश, अंतर राखून.

साहेब वळले. "गुरुजी, तुम्हालाही ऐकू आलं?"

मी होकारार्थी मान हलवली. चावी मागवून दार उघडलं. आतल्या धुळीवर एक पाऊल उमटलेलं नव्हतं, उंदराचंसुद्धा नाही. साहेब पायरीवर बसले. म्हणाले, इतकी वर्षं वाटत होतं, हे मला एकट्यालाच ऐकू येतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तरुण अधिकारी असताना जहाजाला आग लागली. खालचं दार बंद करायचा हुकूम त्यांनीच दिला. जहाज वाचलं, साहेबांना बढती मिळाली. दाराआड त्यांच्याच वयाचा एक खलाशी राहिला होता, दौंडचा दत्तू. तो बराच वेळ वाजवत होता.

पुढच्या रविवारी ते मला एसटीनं दौंडला घेऊन गेले. दत्तूची आई नव्वदीला टेकलेली, डोळे पार गेलेले. साहेब दर रविवारी तिथं जात, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते खाली मांडी घालून बसले आणि तिची नखं कापू लागले. तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"केस लई इरळ झाले रं, दत्तू. बोटीवर फार काम असतं व्हय?"

"व्हय, आई," ॲडमिरल म्हणाले. "आता सुटी मिळाली."