एकदम स्लो ब्लाऊज

लिफ्टचं दार लागता लागता आतून वरच्या अकाउंटंटच्या बायकोचा आवाज मावशींच्या कानावर पडला, "अगं, ऑफिसातून आला की दार लावून घेतो आणि एकदम स्लो ब्लाऊज शि—" लिफ्ट वर गेली.

उरलेलं वाक्य मावशींनी स्वतःच पूर्ण केलं. (दुसऱ्यांची वाक्यं पूर्ण करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.) शिवतो! एवढा टायवाला माणूस, आणि ब्लाऊज शिवतो! एरवी ही बातमी जिन्याजिन्यात पोचली असती. पण आज मावशी स्वतःच अडलेल्या होत्या. संध्याकाळी धाकट्या बहिणीच्या निवृत्तीच्या समारंभात त्यांना जन्मात पहिल्यांदा माइकवर बोलायचं होतं, आणि खास त्यासाठी शिवलेला नवा ब्लाऊज दंडात अडकत होता. टेलर दुकानाला कुलूप लावून गावाला गेलेला.

पिशवीत ब्लाऊज कोंबून मावशींनी वरची बेल दाबली. सुट्टीमुळे घरीच असलेल्या अकाउंटंटने दार जेमतेम उघडलं. बोटांना चिकटपट्ट्या.

"सुई लागली वाटतं?"

"तार लागते हो. पण मावशी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला न सांगताच कळतं. आणि लाजायचं काय त्यात? पुरुषांनी करू नये असं थोडंच आहे!"

अकाउंटंट एकदम खुलला. "बघा, तुम्हाला पटतं! आमची ही नुसती हसते."

"हसू दे. गळा जमतो का?"

"गळ्याचीच बोंब आहे. खोल पाहिजे, माझा वरच राहतो."

"वरच बरा! या वयात खोल कशाला? आणि पट्टी?"

"मधेच सुटते."

"ती सांभाळायची. माप?"

"बारा मापं. बारा झाली की परत पहिल्यापासून."

मावशींना भरून आलं. त्यांचा टेलर एकदाच माप घ्यायचा, तेही गप्पा मारत. "मग माझं आज संध्याकाळी होईल ना? चार लोकांसमोर जायचंय."

"लोकांसमोर?" तो घाबरला, हरखला, पुन्हा घाबरला. "अजून कोणासमोर काढलं नव्हतं मी. पण तुम्ही एवढं म्हणताय तर…"

तो आतून गिटार घेऊन आला. मावशींनी पिशवीतून ब्लाऊज काढला.

"हे काय?" दोघं एकदमच म्हणाले.

"ब्लूज, मावशी! शिकतोय मी. बारा मापांच्या चक्रात फिरणारी संथ, दुःखाची गाणी असतात."

"मग वाजवा," म्हणत मावशी सोफ्यावर बसल्या त्या मटकन. "माझ्यावर तीच वेळ आलीय."

त्यांचा चेहरा बघून अकाउंटंटला राहवेना. "माझ्या शर्टाची बटणं मीच लावतो. आणा इकडे." त्याने बाही उसवली, सैल केली आणि जीभ दाताखाली धरून, संथ लयीत, एकेक टाका घालत परत शिवली.

निघायच्या घाईत मावशींनी बाहीत हात घातला. हात बाहेर येईना. पठ्ठ्याने बाहीचं तोंडच शिवून टाकलं होतं.

ऐन उकाड्यात मावशी जुन्या ब्लाऊजवर स्वेटर चढवून बोलल्या. टाळ्या पडल्या. बहीण डोळे पुसत म्हणाली, "ताई, अंगात ताप असून आलीस गं!" मावशींनी सोयीसाठी दोनदा खोकूनही दाखवलं.

अकाउंटंट ब्लाऊज शिवतो, ही बातमी अशी एका बाहीपुरती खरी निघाली.