एकमेकांना ओळखणारे कपडे

कपड्यांतलं मला कळतं! उगाच नाही सांगत. आमची लाँड्री आहे, जन्म गेला माझा लोकांच्या कपड्यांत. नुसतं बोट लावून सांगते, हा कोट हौसेने घेतलाय की शेजारणीला जळवायला! शाळेने मला आणि मी शाळेला फार लवकर सोडलं, पण डाग बघून माणूस ओळखायला शाळा कशाला लागते?

अशा मला माझी सून एके दिवशी माझ्याच उघड्या कपाटापुढे उभी राहून म्हणाली, "आई, राग मानू नका, पण तुमच्या कपड्यांची एकमेकांशी ओळखच नाही हो!"

"म्हणजे गं?"

"हे पोपटी जाकीट बघा. कशावर जातं? कशावरच नाही! हा जांभळा स्कर्ट तर एकटाच रुसून बसलाय. कपडे थोडे असावेत, पण कुठलाही कशावरही चालावा. दोन-तीन रंग धरायचे, बाकीच्यांना निरोप द्यायचा."

राग मानू नका म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणं मनात रुतून बसलं. कारण पुढच्याच आठवड्यात हॉटेलवाल्यांकडे बोलणी होती. घरोघरी मशीन आल्यापासून आमच्या दुकानात गिऱ्हाइकं कमी आणि माश्या जास्त. चौकातल्या मोठ्या हॉटेलचं धुणं मिळालं तर दुकान तरणार होतं, नाहीतर शटर कायमचं खाली. मुलगा म्हणाला, "मी जाऊन येतो." मी म्हटलं, "मालकीण जिवंत असताना? मी येणार. आणि अशी येणार की बघत राहतील!"

आमच्या मागच्या खोलीत एक दांडी आहे. धुऊन, इस्त्री होऊन तयार, पण न्यायला कुणी फिरकलंच नाही, असे कपडे तिथे लटकत असतात. भिंतीवर पाटी आहे: 'तीन महिन्यांनंतर कपड्यांची जबाबदारी आमची नाही.' मुलगा म्हणतो, याचा अर्थ हरवले तर भांडायला येऊ नका. मी म्हटलं, जबाबदारी आमची नाही ना? मग उरले कपडे. ते आमचे!

दांडीवरून हात फिरवत गेले आणि काय सांगू! एक तपकिरी कोट. त्याच्या शेजारीच बदामी शर्ट. त्याला लागून चॉकलेटी लांब स्कर्ट. आणि वर गळ्यात गुंडाळायला रेशमी रुमाल, त्यात हे तिन्ही रंग! सख्खी भावंडं फोटोला उभी राहावीत तसे एका रांगेत! याला म्हणतात नजर, मी स्वतःलाच म्हटलं. सुनेला जन्मात जमलं नसतं.

कोट पोटावर जरा आवळत होता. बटण लावलं की श्वास अर्धाच घ्यायचा, एवढंच. मानेला टोचणाऱ्या नंबराच्या चिठ्ठ्या कात्रीने कापून टाकल्या, कपडे माझ्या कपाटात लावले आणि पोपटी जाकीट सुनेच्या हातात कोंबलं. "घे. याची ओळख करून दे कुणाशी तरी!"

दुसऱ्याच दिवशी दुकानात एक ड्रायव्हर पावती घेऊन हजर. त्याच्या बाईंचे कपडे फार दिवस राहिले होते म्हणे. आमच्याकडे कपडा नंबराने ओळखतात, रंगबिंग कुणी विचारत नाही. मुलाने तो नंबर दांडीवर शोधला, दुकानातल्या कपाटांत शोधला, मशीनमागे शोधला. छे! ड्रायव्हर रोज यायचा, मुलगा रोज हात जोडायचा.

"डोळे आहेत की बटणं?" मी मुलाला झापलं. एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी इस्त्रीवाल्याकडे वळले. आमच्याकडे केस पांढरे झालेत त्याचे. सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझी पिशवी दाखव बघू!"

त्याने पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, चष्मा, एक केळं. मग डबाही उघडून दाखवला. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलेना. "नाकाला फार मिरच्या झोंबतात बाई लोकांच्या!" असं मीच वर म्हणाले.

ड्रायव्हरलाही सोडलं नाही. "तुझ्या बाईला म्हणावं, कपडे वेळेवर नेता येत नाहीत तर कपाटं भरता कशाला?"

"सांगतो," तो म्हणाला. भलताच आज्ञाधारक माणूस!

बोलण्यांच्या दिवशी मी तयार होऊन जिन्यावरून उतरले. सून बघतच राहिली. "आई, अगदी एकजात जुळलंय! कुठून आणलंत?"

"नजर लागते त्याला," मी म्हटलं. मुलगा आठवडाभर त्या नंबरापायी झोपला नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, पण माझ्या जागी खांब उभा असता तरी त्याला कळलं नसतं.

हॉटेलच्या दारात गाडी पुसत कोण उभा? तोच ड्रायव्हर! मला बघून त्याच्या हातातलं फडकंच गळालं. मी मान ताठ करून आत गेले. म्हटलं, दिपला बिचारा.

आतली मॅनेजरबाई काठी टेकत उठली. पाय मोडून बरेच दिवस अंथरुणात होती म्हणे. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खालपासून वरपर्यंत. चकार शब्द नाही! मी मुलाला कोपराने ढोसलं. बघ, काम झालं!

"छान आहेत कपडे," शेवटी ती म्हणाली.

"सगळी निवड माझी!" मी फुशारले. "हल्लीच्या पोरींना काय कळतंय? एकेक नग हुडकून जुळवलाय मी."

"असं? डावा खिसा आतून फाटलाय का हो?"

मी हात घातला. बोटं थेट अस्तरात! "अगंबाई! तुम्हाला कसं कळलं?"

"शिवायचा राहून गेला होता," ती म्हणाली. "आणि तुमचा निरोपही पोचला. कपाटं भरता कशाला, असंच ना?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. या वेळी खरंच पाहिलं. कोट पाहिला, शर्ट पाहिला, स्कर्ट पाहिला. त्याचे कान लाल झाले, मग मान, मग तो पायाखालची फरशी बघत बसला. आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला. ते कपडे एकमेकांशी जुळणार नाहीत तर काय करतील? एकाच बाईचे होते ते! तिनेच जुळवलेले! माझी नजर कसली बोडक्याची!

बोलायचं म्हणून तोंड उघडलं, पण अर्ध्या श्वासात शब्द तरी किती मावणार? मी कोट काढून टेबलावर ठेवला. रुमाल ठेवला. लाजेच्या भरात शर्टाच्या बटणाला हात घातला, तशी ती बाई काठी टाकून ओरडली, "अहो थांबा! बाकीचं घरी जाऊन!"

परत येताना मुलगा धुऊन द्यायचा कोट आणि रुमाल हातावर घेऊन दोन पावलं पुढे चालत होता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मला ओरडणाऱ्याशी भांडता येतं हो, गप्प माणसाचं काय करू?

दुकानात शिरले, तर इस्त्रीवाला टेबलाशी. मी समोर जाऊन उभी राहिले. त्याने माझ्या अंगावरचा शर्ट ओळखला. त्यानेच इस्त्री केली होती ना!

"चुकले मी," म्हटलं. एवढंसं वाक्य, पण घशातून बाहेर यायला कोटापेक्षा जास्त आवळलं. "सगळ्यांदेखत बोलले होते, म्हणून सगळ्यांदेखत सांगते. चोर मी होते."

त्याने इस्त्री उभी केली. "तो शर्ट द्या धुवायला," तो म्हणाला. "घामेजलाय."

आठवडाभर हॉटेलकडून काही कळलं नाही. मग एका दुपारी मुलगा धावतच आला. काम मिळालं! त्या बाईने तेच कपडे नीट धुतलेले, खिसासुद्धा शिवलेला, असे परत मिळालेले पाहिले आणि हो म्हणाली.

"पण एक अट आहे," मुलगा खाली बघत म्हणाला. "चादरी, उशांचे अभ्रे आणि टेबलावरची कापडं. बस. अंगात घालता येईल असं काहीही आपल्याकडे येणार नाही."

सून तोंडात पदर नाही, तर अख्खा टॉवेल कोंबून आत पळाली.

"बरं," मी हळूच विचारलं, "आणि पडदे?"

"पडदेही नाहीत," मुलगा म्हणाला. "ती म्हणाली, तुमच्या आईचा भरवसा नाही."