मुक्कामाची खूण

मोबाइलमधली बाई ‘डावीकडे वळा’ म्हणाली की आप्पा तिला ‘व्हय बाई, वळतो’ असं उत्तर देतात. सरळ जायचं असेल तर आधी तिची माफी मागतात.

शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या जुन्या पायवाटा आणि त्यांवरच्या बारवा मोबाइलच्या नकाशावर चढवायचं काम आमच्या ऑफिसकडे आहे. हौशी प्रवाशांनी त्या वाटेनं चालावं, हा हेतू. मी खुर्चीत बसून नकाशा सांभाळतो, आप्पा उन्हात हिंडून खुणा लावतात. कुरकुंभच्या कंपनीतून रिटायर झालेल्या माणसानं खरं तर घरी पडून राहावं. हे पडत नाहीत, मलाही पडू देत नाहीत. दिवसभर फोन.

“सर, हितली चिंच टाकू का?”

“आप्पा, चिंच ऐतिहासिक आहे का?”

“ते न्हाई म्हाईत. पन सावली लई गार हाय.”

त्यांच्या चिंचांपायी मला नकाशात ‘सावली’ अशी वेगळी खूण करावी लागली. वैताग नुसता.

गेल्या आठवड्यात एका प्रवाशानं कळवलं, ‘मुक्काम छान झाला, आमटी जरा तिखट होती.’ मी चक्रावलो. त्या वाटेवर आम्ही मुक्कामाची सोय केलेलीच नव्हती. नकाशा उघडला, तर ‘मुक्काम’ची खूण थेट आप्पांच्या घरावर. पत्त्यात आपण मुक्काम-पोस्ट लिहितो ना, तसं त्यांनी आपलं राहतं घर इमानदारीत दाखवलं होतं. साहेबांचा निरोप आला, परवानगी नसलेला मुक्काम आजच्या आज काढा.

मी आप्पांना फोन लावला. चूक समजावली. 

“काढायलाच पायजे का, सर? परवा चौघं आल्ती. आमटी टाकली. ही गेल्यापास्नं पयल्यांदाच घरात ताटं मांडली.” मग हळूच म्हणाले, “एरवी ती मोबाइलमधली बाई तेवढी बोलती. आन् तीबी घराबाहीर पडलं तरच.”

एवढी पायपीट कशासाठी, ते आत्ता कळत होतं. मी म्हणालो, “मुक्काम ठेवता येणार नाही, आप्पा. ‘पाण्याची सोय’ टाकतो.”

“टाका. पन पानी पिऊन लगीच जातील की वो.”

मी पाणी खोडलं आणि त्यांच्या घरावर ‘सावली’ लावली. सावलीला माणूस जरा बसतो तरी.