सर्जेरावआण्णांचा अर्ज

आमच्या गल्लीत शिट्टीवर गाणं वाजवायचं असेल तर आधी सर्जेरावआण्णांच्या ओट्याकडं बघून घ्यावं लागतं. आण्णा ओट्यावर असले तर शिट्टी तोंडातच ठेवायची. नाहीतर ते चष्मा कपाळावर सारून विचारणार, "कुणाचं हाय हे गाणं? परवानगी घेतलीस का?"

दूधवाल्याचा फोन वाजला तरी हाच प्रश्न. भाजीची गाडी भोंग्यावर गाणी लावत येते. ती आमच्या कोपऱ्यावर आली की भोंगा बंद करते आणि पुढच्या गल्लीत शिरली की परत चालू करते. त्यामुळं बाकीच्या रहिमतपुरात बायका गाणं ऐकून पिशवी उचलतात, आम्ही गाणं थांबलं की उचलतो.

आण्णा सैन्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. हवालदार होऊन घरी आले आणि त्यांनी स्वतःचा बँड काढला. बारा माणसं, लाल कोट, कोटाला सोनेरी झालर. ती झालर मी शिवते, म्हणून माझं त्यांच्या घरी येणंजाणं. अजूनही चालायला लागले की त्यांचा डावा पाय आधी पडतो. आमच्या दारात आले तर उंबऱ्याबाहेर टाचा जुळवून उभे राहतात आणि "येऊ का?" विचारतात. मी "या की" म्हटल्याशिवाय आत येत नाहीत. एकदा मी मागं धुणं धूत होते, तर अर्धा तास तसेच उभे होते.

पण गाण्यांच्या परवानगीचं खूळ शिरवळपासूनचं. तिथं एका दुकानाचं उद्घाटन होतं. आण्णांचा बँड जोरात चालू होता. तेवढ्यात काखेत फाइल घेतलेला एक माणूस आला आणि त्यानं दुकानदाराला विचारलं, "ही गाणी वाजवायचं लायसन कुठाय?" दुकानदारानं आण्णांकडं बोट दाखवलं. माणूस तसा सभ्य होता. गाणी ज्यांनी केली त्यांचा त्यांवर हक्क असतो, अशा कार्यक्रमात वाजवायची तर आधी लायसन घ्यावं लागतं, एवढं समजावून सांगून तो गेला. पण आण्णा तीन दिवस जेवले नाहीत.

"शालन," ते मला म्हणाले, "चोवीस वर्षं नोकरी केली. माझ्या कागदावर एक लाल शेरा न्हाई. अन् शिरवळात मी चोर ठरलो."

तेव्हापासून आण्णा अर्ज लिहायला लागले. लग्नाची सुपारी आली की आधी मुंबईच्या गाण्याच्या कंपनीला अर्ज. कंपनीचा छापील फॉर्म होता. 'गाणी कुठे वाजणार' या रकान्यात आण्णांनी लिहिलं, "मारुतीच्या देवळापासून नवरीच्या मांडवापर्यंत. पाण्याच्या टाकीपाशी दहा मिनिटे मुक्काम." 'ऐकणारे अंदाजे किती' यापुढं लिहिलं, "माणसे दोनशे, घोडे एक. घोड्यास ऐकू येत नाही." सगळ्या अर्जांवर खाली साक्षीदार म्हणून माझी सही. मी चौथीपर्यंत शिकले, सहीला मला वेळ लागतो. आण्णा तोवर सावधान उभे.

महिन्याभरानं कंपनीचं उत्तर आलं. लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला कायद्यानं परवानगी लागत नाही, दुकानाच्या उद्घाटनाला आणि कार्यक्रमाला लागते. बँडमधल्या माणसांनी आनंदानं ढोल बडवला. आण्णांचं तोंड मात्र उतरलं.

"लागत न्हाई म्हंजे दिली न्हाईच की," ते म्हणाले.

त्यांनी परत लिहिलं, "लागत नसली तरी द्यावी ही विनंती." त्याला उत्तर आलं नाही म्हणून आणखी एक. शेवटी तिकडच्या कुणा भल्या माणसानं 'आमची हरकत नाही' असं दोन ओळींचं पत्र धाडलं. आण्णांनी साताऱ्याला जाऊन ते लॅमिनेशन करून आणलं. आता वरात निघायच्या आधी ते पत्र मोठ्यांदा वाचून दाखवतात. नवरदेव घोड्यावर, करवल्या उन्हात, आणि आण्णा वाचतायत, "उपरोक्त विषयास अनुसरून." एका नवरदेवाच्या मित्रानं "पुढं चला की आण्णा" म्हटलं, तर त्यांनी पत्र पहिल्यापासून वाचलं.

गावातल्या गाण्यांनाही तोच कायदा. वरच्या आळीतल्या तानूबाई जात्यावरची एक ओवी फार छान म्हणतात. ती चाल आण्णांना बँडवर घ्यायची होती. गेले कागद घेऊन. तानूबाई म्हणाल्या, "आवं, ओवी कुटं माजी हाय? माज्या आईची."

"मग त्यांचा अंगठा घ्यावा लागंल. कुटं असत्यात?"

तानूबाईंनी वर आभाळाकडं बोट दाखवलं. आण्णांनी वर बघितलं, कागदाची घडी केली आणि परत आले. ती ओवी त्यांनी आजतागायत वाजवलेली नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या सुनीताचं लग्न ठरलं. एकुलती एक पोरगी, मिरजेला दवाखान्यात नर्स. मुलगा सांगलीचा. तिनं बापाकडं एकच गोष्ट मागितली. "माझ्या पाठवणीला आई गुणगुणायची ती चाल वाजवा. दुसरं काही नको."

सुनीताची आई म्हणजे इंदूवहिनी. त्या जाऊन तीन वर्षं झाली. भाकरी थापताना त्या एक चाल गुणगुणायच्या. शब्द काही नाहीत, नुसती चाल. परातीवर हाताचा ठेका. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत, त्यामुळं माझ्याही भाकऱ्या वर्षानुवर्षं त्याच ठेक्यावर झाल्या.

आण्णा पोरीला फोनवर म्हणाले, "तुजी आई मला परवानगी देऊन गेली न्हाई."

सुनीता चिडली. आईलाही फॉर्म धाडणार का, असं विचारून तिनं फोन ठेवला, तो आठ दिवस उचलला नाही. गल्लीतले हसले. मलाही आधी हसू आलं. पण लग्न पंधरा दिवसांवर आलं तरी आण्णा काही ती चाल बसवेनात आणि पोरगी काही बोलेना, तेव्हा हसायचं राहिलं.

एके सकाळी आण्णा आमच्या उंबऱ्याबाहेर टाचा जुळवून उभे. हातात कागदाची गुंडाळी. आत आले, पाटावर बसले. चहा समोर ठेवला तरी कपाला हात लावला नाही.

"शालन, तुझं अन् सुनीताच्या आईचं लय जमायचं. ही चाल मी वाजवली तर चालंल, असं तिच्या बोलण्यात कवा आलं व्हतं का? असलं तर लिहून दे. तेवढ्यावर मी वाजवीन."

मी म्हटलं, असं तर कधी आलं नाही.

"मला वाटलंच." ते गुंडाळीकडं बघत बसले. मग म्हणाले, "मी रिटायर हून घरी आलो. ओट्यावर बसलो की आतनं तिचं गुणगुणणं यायचं. ऐकायला म्हणून मी आत गेलो की ती गप. दर टायमाला गप. मग मी आत जायचंच सोडलं. तिला माझ्या कानावर पडू द्यायचं नव्हतं, शालन. ते मी लोकांत कसं वाजवू?"

मी एरवी मोठ्या माणसांपुढं फार बोलत नाही. इंदूवहिनींनी मला शपथही घातली होती. पण आण्णांचा चेहरा बघून मला राहवलं नाही.

"आण्णा, ती चाल त्यांची नव्हतीच," मी म्हटलं. "तुमची हाय."

मग मी सगळं सांगितलं. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा आण्णा नोकरीत होते. सुट्टीवर आले की रोज सकाळी परसात पेरूखाली उभं राहून क्लॅरिनेटची तालीम करायचे. गाणं नव्हे, नुसती बोटं मोकळी करायची धडपड, तेच ते खालीवर. इंदूवहिनी त्याला पिपाणी म्हणायच्या. सुट्टी संपून आण्णा गेले की दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून गुणगुणणं चालू. तालमीतला एक तुकडा उचलून त्यांनी तो संथ केला होता आणि मध्ये स्वतःचं एक वळण घातलं होतं. मी एकदा ओळखलं तर लाजल्या. म्हणाल्या, "पिपाणी गेली गं ड्युटीवर, आवाज तेवढा घरात ठेवून घेतलाय मी. त्यांना सांगशील तर बघ." आण्णा आत आले की गप व्हायच्या त्या याचमुळं. त्यांचीच चाल त्यांच्यापुढं म्हणताना चोरी पकडल्यासारखं व्हायचं त्यांना.

आण्णांनी हळूच ती कागदाची गुंडाळी ओठांपाशी धरली. बोटं गुंडाळीवर चालायला लागली. आधी झरझर, जशी परसात चालायची तशी. मग सावकाश. मग आणखी सावकाश. एका ठिकाणी बोटं अडली, तिथं मीच गुणगुणून ते वळण दाखवलं. त्यांच्या बोटांनी ते घेतलं.

"बिगर परवानगी," आण्णा म्हणाले. "माझ्या घरात. एवढी वर्षं." आणि ते हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, पुन्हा हसले आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. मग गुंडाळी उलगडून त्यांनी तो कागद पालथा घातला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

"कै. सौ. इंदूबाई यांस," असं आधी लिहिलं. थोडं थांबून 'कै.' खोडलं. पुढं लिहिलं, "माझ्या क्लॅरिनेटवरील चाल भाकरी थापताना, केव्हाही व कितीही वेळा गुणगुणण्यास परवानगी देण्यात येत आहे. आजवरचा सर्व वापर मंजूर. मुदत कायम." खाली त्यांची सही. साक्षीदार म्हणून मी सही केली. त्या दिवशी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, पण ते सावधान उभे राहिले नाहीत. भिंतीला टेकून बसले होते.

सांगलीला पाठवणीच्या वेळी आण्णांनी कोटाच्या खिशाकडं हात नेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं, आता हे पत्र वाचणार. सुनीतानं तर डोळे मिटून घेतले. पण आण्णांनी खिशावर नुसता हात ठेवला आणि काढला. खिशातल्या, इंदूवहिनींच्या नावच्या त्या कागदाला त्यांनी लॅमिनेशन केलेलं नाही. मग बँडला थांबायची खूण करून त्यांनी एकट्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

चाल सुरू झाली तशी सुनीता गाडीचं दार सोडून बापापाशी येऊन उभी राहिली. मधलं ते इंदूवहिनींचं वळण जवळ आलं, तेव्हा आण्णा जरासे थांबले. आमच्या उंबऱ्याबाहेर थांबतात तसे. लोकांना वाटलं असेल, दम लागला.

मी मागं बायकांत उभी होते, तिकडं त्यांनी बघितलं. मी हळूच होकाराची मान डोलावली, आणि आण्णा पुढं वाजवायला लागले.