पायरी नसलेलं दार

"मागच्या दारापुढे बागेत फरशी घालायचीय ना, ती मीच घालणार," असं जाहीर करून थोरलीने गवंड्याला फाटकातूनच वाटेला लावलं.

"ताई, एकदा उंची तरी बघू द्या."

"पातळी बघायला पाणसळ आहे माझ्याकडे. आणि सगळं वाचलंय मी."

वाचण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. वडील गेल्याला तीन महिने झाले होते आणि तेव्हापासून आईने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. बागेत चल म्हटलं, की "पायरीवर तोल जातो गं," हे उत्तर ठरलेलं. म्हणून थोरलीने पायरीच नाहीशी करायची ठरवली. खडी, रेती, वर फरशी, असं करत तिने सगळं थेट उंबऱ्याच्या उंचीला आणलं. धुळीने आईला खोकला नको, म्हणून मागचं दार आठवडाभर बंद. स्वतः ती घराला वळसा घालून ये-जा करत होती.

आठव्या दिवशी सकाळी पाणसळीतला बुडबुडा अगदी मधोमध थांबला. तिने फरशीवर खुर्ची मांडली, कुंपणापलीकडच्या मावशींना मुद्दाम हाक मारली आणि दार वाजवलं.

"आई, ये. एकही पायरी नाही."

कडी निघाली. दार हललं नाही.

"बाहेरून धरून ठेवलंयस का?" आतून आई.

"नाही गं. जोर लाव."

"लावतेय. हे दार कुठे उघडतं, लक्षात आहे ना तुझ्या?"

बाहेर. तिच्या जन्माआधीपासून ते बाहेरच उघडत होतं. दाराची खालची कड फरशीच्या आड रुतून बसली होती. थोरलीचे कान तापले.

"फरशी मात्र देखणी झालीय हो," मावशी म्हणाल्या. त्याने तिचे कान आणखीच तापले.

सुतारकाका आले, वाकले, उठले. "दार खालून इंचभर कापावं लागेल."

"मग कापा ना!"

"त्यासाठी उतरवायला हवं. बिजागरीचे स्क्रू दार उघडल्याशिवाय दिसत नाहीत."

"आणि उघडायला?"

"कापायला हवं." काकांचा चेहरा कोरा होता. "फरशीच उचला. गवंड्याला बोलावू?"

"नको!"

तिने पहार घेतली आणि मान खाली घालून पहिली फरशी उचकटली. तिचे खाडकन दोन तुकडे झाले. दुसरीचे तीन.

थोड्या वेळाने मागून आवाज आला, "अशी नव्हे. कोपऱ्यातून उचल."

"कळतं मला, मावशी!"

"ते दिसतंच आहे."

थोरलीने वळून पाहिलं. घराच्या कोपऱ्याशी, भिंतीला हात लावून, धापा टाकत आई उभी होती. पायात घरातल्या सपाता.

"तू... कुठून आलीस?"

"पुढून. काहीतरी फुटल्याचा आवाज आला. म्हटलं, पायावर पाडून घेतलं की काय या मुलीने."

"अगं, पण पुढे चार पायऱ्या आहेत!"

आता आईचेही कान लाल झाले होते. ती सावकाश खुर्चीत टेकली आणि बराच वेळ बागेकडेच बघत राहिली.

"दाराची घाई करू नकोस," ती शेवटी म्हणाली. "तोवर पुढून येत जाईन मी."